दुपट्ट्याखालचं माप

१४ नोव्हेंबर

एक लाख अडतीस हजार! एका अंगठीचे! आणि दुकानातली ती चारुलता मॅडम हसत हसत म्हणते — "सर, डिझायनर पीस आहे, अशी दुसरी नागपुरात दिसणार नाही." दिसणार कशी? घेईल कोण?

काजल माझी बहीण कमी आणि त्या दुकानाची दलाल जास्त. मले ओढत सीताबर्डीले नेलं. म्हणे, नुसतं पाहू दादा. नुसतं पाहू म्हटलं की समजून जावं, खिसा गेला.

पण खोटं काहून लिहू? अंगठी मी हातातून खाली ठेवलीच नाही. संत्र्याचं फूल आहे. पाच पाकळ्या, मधात मुगाएवढा केशरी खडा, आणि बोटाभोवती पूर्ण गोल बारीक हिरे. आमच्या धंद्याचं फूल. होणाऱ्या बायकोच्या घरचंही.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, सात डिसेंबरले. घ्यावी का नाही?

१५ नोव्हेंबर

आईले किंमत सांगतली. आईनं हातातली सांडशी खाली ठेवली. "एवढ्यात तोळाभर सोनं येते, खणखणीत! हिरे मोडीत कोण घेते रे? महाल भागात धोंडबा सोनार बसला आहे ना अजून. माह्या लग्नाचं वळं त्यानंच केलं. बोटातलं साधं वळं कर, झालं."

मी म्हटलं, विचार करतो. आई म्हणाली, "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

१६ नोव्हेंबर

रविवार. बाजार बंद, डोकं चालू.

मुद्दा अंगठीचा नाहीच. मुद्दा आहे "अडचण नाही" याचा. दिवाळीनंतर लग्नं जुळवणाऱ्या यमुताईनं स्थळ आणलं — काटोलच्या भैयाजींची पोरगी, गुंजन. आम्ही पाहायले गेलो. पोहे झाले, चहा झाला, मंग आम्हा दोघांले बागेत पाठवलं. मी घाम पुसत विचारलं, "तुम्हाले हे स्थळ पसंत आहे ना?" ती म्हणाली, "मले काही अडचण नाही."

बस्स! अडचण नाही! अडचण तर मले आमच्या घरासमोरच्या ट्रान्सफॉर्मरचीही नाही. म्हणून काय मी त्याच्याशी लग्न करू?

बापानं सांगतलं असेल — व्यापारी ओळखीचा आहे, माल वेळेवर उचलते, पैसे बुडवत नाही. पोरीनं मान हलवली असेल. मंग मी जन्मभर "अडचण नसलेला नवरा" म्हणून राहू? मले एकदा, एकदाच, तिच्या तोंडून "पाहिजे" ऐकायचं आहे. अंगठीकडे पाहून म्हटलं तरी चालेल. माह्यावर येईल हळूहळू.

१७ नोव्हेंबर

खरं म्हणजे ओळख स्थळाच्या आधीची. हे घरी कोणाले धड सांगतलं नाही, इथं लिहितो.

मार्चमधे मृग बहाराची बाग, म्हणजे झाडावरचा संत्रा, घ्यायले भैयाजींकडे गेलो होतो. बाजारात आता उघड लिलाव असतो, पण बागेवर जुने शेतकरी अजून दुपट्ट्याखालीच भाव करतात. वर दुपट्टा, खाली दोघांचे उजवे हात, एकमेकांची बोटं धरायची, तोंडानं ब्र नाही. एक बोट म्हणजे टनामागं एक हजार. भोवतालच्याले भाव कळला नाही पाहिजे.

भैयाजींचा हात प्लॅस्टरमधे होता. मी म्हटलं, "मंग कसं जी?" ते म्हणाले, "पोरगी करते की सौदा!"

आणि दुपट्ट्याखाली जो हात आला — बापरे! मऊ-बिऊ काही नाही. नर्सरी तीच सांभाळते. चाकू घेऊन रोपांले कलमं बांधू बांधू बोटं कशी लाकडासारखी झाली आहेत. वीस मिनिटं तिनं मले पिळून काढलं. माझ्या छातीत धडधड. भावामुळं असेल असं मी तेव्हा समजलो!

सौदा ठरला. आता हात सोडायचा. तर ही सोडेच ना! माझी अनामिका धरली, पेरापासून मुळापर्यंत चाचपली, दोनदा दाबली. असा भाव कुठंच नसते! मले वाटलं, अजून एक बोट मागून राहिली. मी दिलं! टनामागं आणखी एक हजार! तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही येड्याच्या इस्पितळातून आत्ताच सुटून आलो.

इसाराची, म्हणजे आगाऊ रकमेची, चिठ्ठी मीच लिहून दिली. तारीख दोनदा खोडली. आई त्या हजारावरून अजून बोलते. "बागेवर गेला होता का दान करायले?"

२० नोव्हेंबर

चारुलता मॅडमचा फोन. "सर, पूर्ण गोल हिरे आहेत, त्यामुळं अंगठी मागाहून लहान-मोठी करता येत नाही. माप पक्कं लागेल."

काजल म्हणाली, "दे, मी वहिनीले फोन लावून विचारते."

खबरदार वं! मी झाड पाहून सांगतो किती क्रेट निघतील. पूर्ण कळमना बाजार मानते माझी नजर. तो मी एका बोटाचं माप विचारत फिरू? आणि वीस मिनिटं धरला आहे मी तो हात. आठ महिने झाले, विसरलो नाही.

२२ नोव्हेंबर

दुकानात गेलो. मॅडमनं मापाच्या रिंगांचा जुडगा समोर ठेवला. पाहून काही उमजेना. मंग म्हटलं, जशी ओळख झाली तसंच जावं. गळ्यातला दुपट्टा काढला, जुडग्यावर टाकला, खाली हात घातला, डोळे मिटले. एकेक रिंग चाचपली. हे नाही... हेही नाही... गार्ड दारातून आत येऊन उभा राहिला. एक बाई आपल्या पोराले घेऊन दुसऱ्या काउंटरले गेली.

सापडलं! हेच! डोळे उघडले — सतरा नंबर.

"लेडीजमधे सतरा? सर, नक्की?"

"नक्की."

"एकदा विचारून घेतलं असतं तर..."

"मॅडम, नक्की."

माप लिहून ठेवा म्हटलं. घेतो म्हटलं नाही. काजल मेट्रोत माझ्या बाजूले बसली नाही, दुसऱ्या डब्यात जाऊन बसली.

२५ नोव्हेंबर

आंबिया बहाराच्या बागा पाहायले काटोलले गेलो. येता येता, सहजच म्हणून, भैयाजींच्या नर्सरीत. (सहज कसलं. बारा किलोमीटर उलटा गेलो.)

गुंजन खाली बसून कलमं बांधून राहिली होती. खुंटाले चीर द्यायची, संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. मिनिटात एक! माझ्याकडे पाहिलं, "या जी" म्हणाली, हात थांबला नाही. मीही बाजूले उकिडवा बसलो. पंधरा मिनिटं एक शब्द नाही. पण बरं वाटलं. हे काय झालं ते लिहिता येत नाही, पण लय बरं वाटलं.

मंग मीच घाण केली. म्हटलं, "तुम्ही बोटात काही घालत नाही का?"

"नाही. पट्टी बांधताना अटकते."

संपलं. एक लाख अडतीस हजाराचं अटकणं घेऊन काय करू? रस्त्यातूनच चारुलता मॅडमले फोन करून नाही म्हणून सांगतलं. घरी आईले म्हटलं, सांग धोंडबाले साध्या वळ्याचं.

२६ नोव्हेंबर

आई खूश. सकाळी तर्रीपोहे, संध्याकाळी सांबारवडी. मले दोन्ही गोड लागले नाही.

२९ नोव्हेंबर

भैयाजींचा फोन. "जावईबुवा, अंगठी साधीच आणा जी, उगाच खर्च करू नका. मी पोरीले विचारलं. ती म्हणते, काही अडचण नाही."

फोन ठेवला. गाडी काढली. सीताबर्डी. घेतली!

मॅडमनं माझा नकार मनावर घेतलाच नव्हता, सतरा नंबरची बनवून तयार. फूल. हिरे. सगळं. कार्ड घासलं तेव्हा कुठं डोकं थंड झालं, आणि मंग एकदम खूपच थंड झालं.

१ डिसेंबर

आई माझ्याशी बोलत नाही. काजलच्या तोंडून बोलते. मी समोर ताटावर बसलेलो, आणि आई म्हणते, "काजल, तुह्या भावाले विचार, पोळी पाहिजे का. का आता हिरेच खाते?"

४ डिसेंबर

आईनं आपलं आपण काजलले घेऊन महालात चक्कर मारली. कशाले, विचारलं तर म्हणे, "काजल, त्याले सांग, तुले काय करायचं आहे? तू तुह्या फुलाकडे पाह्य."

६ डिसेंबर

उद्या. अंगठी आज अकरा वेळा उघडून पाहिली. दर वेळी थोडी मोठी दिसते.

७ डिसेंबर

साक्षगंध झालं. जसं झालं तसंच लिहितो.

काटोलचा हॉल, दोनशे माणूस, समोर पाट. गुंजन हिरव्या साडीत. मी तिच्याकडे पाहिलं आणि फोटोवाल्यानं मलेच तीनदा सांगतलं, "दादा, कॅमेऱ्यात पाहा." यमुताई म्हणाली, घाल बाबा अंगठी. गुंजननं डावा हात पुढं केला. मी घातली. तिनं हात खाली केला — आणि अंगठी सरळ खाली! टण्ण! पाटावरून उडाली, अक्षतांच्या ताटाखालून गेली, आणि पहिल्या रांगेत भैयाजींच्या जोड्यापाशी जाऊन थांबली.

कोणी तरी मागून — "अरे, बोटाची आणली का बांगडीच आणली!"

मले वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पूर्ण कळमना बाजार मानते माझी नजर!

आणि आई! आई तर जशी याचीच वाट पाहून राहिली होती. पर्समधून लाल डबी काढली. धोंडबाचं साधं वळं! "मले ठाऊक होतं," म्हणाली, एक तारखेनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी. "गुंजनले फोन करून माप विचारलं. दोन मिनिटं लागले. ते फूल उद्या परत करून टाक." वळं गुंजनच्या बोटात घातलं. बरोब्बर बसलं.

मी फुलाची अंगठी उचलून खिशात टाकणार, तेवढ्यात गुंजननं उजवा हात पुढं केला. माझ्या हातातून अंगठी घेतली. उजव्या अनामिकेत सरकवली. चाकू धरून धरून जाड झालेलं ते बोट. अंगठी जागच्या जागी बसली, केसभर इकडेतिकडे नाही!

"मोठी नाही जी," ती आईले म्हणाली, "उजव्या हाताची आहे." मंग माझ्याकडे पाहून, हळूच — "सौदा उजव्या हातानं होते ना."

आई म्हणाली, "अवं पण कामात अटकेल."

"काम असलं की काढून ठेवीन. परत नका करू. पाहिजे मले."

म्हटलं! दोनशे माणसांसमोर म्हटलं! अंगठीकडे पाहूनच म्हटलं, पण म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला.

मंग तिनं माझ्या डाव्या बोटात अंगठी घातली. साधी, सोन्याची. मले वाटलं आता हीही पडते. नाही! हात झटकून पाहिला, नाही पडली. म्हणजे माप कोणी तरी सांगतलंच असेल. काजलले विचारलं. आईची शपथ घेऊन म्हणाली, मी नाही सांगतलं. आई म्हणाली, मले कोणी विचारलंच नाही.

८ डिसेंबर

सकाळी तिनं दिलेल्या अंगठीची रिकामी डबी आवरून राहिलो होतो. कापसाखाली एक कागद, चार घड्या घातलेला. उघडला तर आमच्याच फर्मचं पॅड! माझंच अक्षर. इसाराची चिठ्ठी. ९ मार्च, तारीख दोनदा खोडलेली.

मले वाटलं, भैयाजींनी त्या जास्तीच्या हजाराचं काही लिहिलं असेल. पलटवला. मागं पेननं काढलेला एक लहानसा गोल. बाजूले तिच्या अक्षरात — "उजवं बोट एवढं. डावं जरासं बारीक धरायचं."

आणि त्याच्या खाली, आणखी बारीक अक्षरात — "लागलं तर."