हलक्या पोरीचं शीड

अप्पा, तुमच्या पणतीसाठी मी चुकीची होडी घेतली. होडी तशी चांगली होती, तिच्यावरचं शीड चुकलं, आणि ते मी तुमच्यावरच्या रागानं घेतलं. तुम्ही जाऊन पन्नास वर्षं होत आली. एवढ्या जुन्या रागापायी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या भुवईवर टाके पडतील, असं मला वाटलं नव्हतं.

ही माझ्या लेकीची मुलगी. आईबाप पुण्यात नोकरीला, ही माझ्याकडे जुन्नरला. ज्या धरणाच्या पाण्यावर तुम्ही पाटबंधारे खात्याची होडी चालवायचात, तिथे आता नौदलातून निवृत्त झालेले एक मास्तर मुलांना शिडाच्या होड्या शिकवतात. ही दहा वर्षांची असल्यापासून जाते. लहान मुलांची होडी म्हणजे एक चौकोनी खोकं आणि त्याला टॉवेलाएवढं शीड. यंदा त्या खोक्यात बसली की तिचे गुडघे हनुवटीला लागायला लागले. "आज्जी, मला आता पळणारी होडी पाहिजे," ती म्हणाली. एकट्यानं चालवायची, लांब, निमुळती, पाण्याला चिकटून जाणारी. अंगानं मात्र ती माझ्यावर गेली आहे. उंची वाढते, वजन वाढत नाही. बाजरीची भाकरी, लोणी, अंडी, सगळं खाते आणि कुठे जातं ते देवाला ठाऊक.

मास्तरांनी मला काठावरच्या बाभळीखाली बसवून नीट समजावलं. त्या होडीचं अंग एकच, पण तिला तीन मापांची शिडं लागतात. मोठं शीड जड माणसाला, मधलं मधल्याला, धाकटं हलक्याला. वारा शिडाला ढकलतो, होडी कलते, आणि ती सरळ ठेवायला चालवणाऱ्यानं होडीच्या काठावर बसून पाठीमागे लोंबायचं असतं. लोंबायला अंगात वजन लागतं. "मॅडम, मोठं शीड म्हणजे जास्त वेग, असं नसतं. जी होडी सपाट राहते ती पळते. कललेली होडी नुसती पाणी कापत बसते. तुमची मुलगी हलकी आहे. हलकीला धाकटं शीड द्या, ती सगळ्यांच्या पुढे जाईल."

सगळं बरोबर होतं, अप्पा. एक शब्द सोडून.

"हलकी कुणाला म्हणता?" मी म्हणाले. आवाज एवढा चढला की पाण्यातली मुलं वळून बघायला लागली. मास्तर बिचारे कोकणातले, त्यांना काही कळेना. "मॅडम, वजनानं म्हटलं मी." "कळतं मला मराठी. माझ्या नातीला कमी माप नको. मधलं द्या." ते म्हणाले, दोन वर्षं थांबा मग. मी म्हणाले, "ही दोन वर्षं हलकी म्हणवून घेत बसणार नाही." आणि नात माझ्या शेजारी उभी राहून, डोळे चमकवत, "मधलं लई भारी दिसतं, आज्जी." या पोरांच्या तोंडी चांगल्या गोष्टीला शब्द एकच, भारी. जड ते चांगलं आणि हलकं ते वाईट. ही भाषा कुणी ठरवली, मला त्याला भेटायचं आहे.

तुम्हाला तो बाजाराचा दिवस आठवत असेल का? मी तेरा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेली. अंगात वसतिगृहाचा फ्रॉक, पायात खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. तुम्ही पाण्याची पातळी मोजायला निघता आणि जाता येता पलीकडच्या वाडीची माणसं बाजाराला आणता, नेता. मला तुमच्याबरोबर जायचं आहे. आदल्या दिवशी तुम्ही हो म्हणाला आहात. मी सगळ्यांत आधी येऊन पुढच्या फळीवर बसले आहे. बायका बसतात, टोपल्या चढतात, आणि बेल्ह्याच्या बाजारातून शेळी घेऊन आलेला एक म्हातारा येतो. तुम्ही एकदा पाण्याकडे बघता, एकदा माझ्याकडे.

"उतर खाली. तू हलकी हायेस."

एवढंच. मी उतरत नाही म्हटल्यावर तुम्ही मला बगलेत धरून उचलता आणि चिखलात उभी करता. बुटांवरचा खडू गेला. एक बाई हसून म्हणते, "आगं बाई, त्या सिस्टरी जेवाया घालत न्हाईत व्हय तुला?" आणि तो म्हातारा शेळीला होडीत ढकलत, "घ्या राव, शेळी भारी हाय पोरीपरीस!" होडीभर हशा. तुम्ही हसला नाहीत, हे मी मान्य करते. पण तुम्ही त्यांना गप्पही केलं नाहीत. होडी गेली. शेळी माझ्याकडे बघत गेली.

वसतिगृहात आम्ही इंग्रजी शिकत होतो, मराठीतला हलका शब्द मात्र मला घरूनच माहीत होता. हलक्या घरची, हलक्या मनाची, हलक्या कानाची. त्यातला कोणता अर्थ तुमच्या मनात होता, हे मी तुम्हाला विचारलं नाही, कारण त्यानंतर मी तुमच्याशी बोललेच नाही. आठवडाभर. मग एसटीच्या खिडकीतून तुम्ही शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आत दिलात आणि म्हणालात, "खात जा." मला वाटलं, पुन्हा तेच. मंचर यायच्या आत तो डबा मी शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवला, डब्यासकट. दिवाळीच्या आधी तार आली. तुमची छाती धरली होती, अवघा एक दिवस. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं होती आणि तुम्ही नव्हतात.

मधलं शीड घेतलं. दुपारनंतर या पाण्यावर घाटाकडून वारा उतरतो, तुम्हाला मी काय सांगायचं. नवी होडी पहिल्यांदा उलटली तेव्हा पोरगी हसत वर आली, उलटल्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहून तिनं ती सरळ केली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा वाऱ्याचा झोत आला, शिडाखालची आडवी दांडी फिरून तिच्या कपाळावर बसली आणि या वेळी होडी पुरती पालथी होऊन तिच्यावर आली. तिनं फळीवर उभी राहून सगळा जीव लावला. होडी हलेना. तिला हलवायला पोरीच्या अंगात वजन नव्हतं. मास्तर मोटरबोट घेऊन पोचेपर्यंत मी काठावर उभी होते, चपला घालून, गुडघाभर पाण्यात, आणि मला पोहता येत नाही.

टॉवेलात गुंडाळलेली, ओठ निळे, डोळ्यावरून रक्त, ती मला म्हणाली, "मी हलकी आहे ना गं, आज्जी?"

सगळी गणपतीची सुट्टी ती पाण्याकडे फिरकली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाईल. मी मास्तरांकडे गेले. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागितली. ते म्हणाले, "होडी तीच राहू दे मॅडम, धाकटं शीड त्याच होडीवर चढतं." इतकं सोपं होतं.

परवाच्या रविवारी तिला ओढत नेली. धाकटं शीड चढवून होडी काठाला लावलेली. ती बाभळीखाली बसून राहिली. "छोटंय ते. सगळे हसतील." मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली, बुटांसकट, शेळीसकट. शेळीला ती हसली. मग तिनं विचारलं, "पण त्यांनी तुलाच का उतरवलं?"

मी म्हणाले, "वारा सुटला होता. होडी भरलेली. झोत आला तर पुढच्या फळीवरचं हलकं पोर आधी उडतं. त्यांना पाणी कळत होतं. मला वाचवायला उतरवलं."

ती उठून जॅकेटचे पट्टे आवळायला लागली. होडी सपाट गेली, अप्पा. ती होडीच्या काठावरून मागे लोंबत होती आणि होडी सुरीसारखी सरळ. मधल्या शिडाची दोन मुलं मागे राहिली. मास्तर ओरडले, मीही ओरडले असेन.

मी चौतीस वर्षं पोस्टात काढली, शेवटी पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. पत्ता नसलेल्या पत्रांचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. हे कपाटात राहील, तिच्या जुन्या टॉवेलाएवढ्या शिडाखाली.

फक्त एक राहिलं. ती पाण्यावर गेल्यापासून मी आठवून बघते आहे. चिखल आठवतो, हशा आठवतो, शेळीचे डोळे आठवतात, तुमचे बगलेतले हात आठवतात. त्या दिवशी वारा होता की नाही, ते मला आठवत नाही.