ऑपरेशन लागणारच

४ मार्च
पत्रकार परिषद आटोपून जिना उतरताना पायरी चुकली. डावा घोटा. संस्कृतात गुल्फ म्हणतात. सुजल्यावर दोन्ही भाषांत सारखाच दिसतो. सहा महिन्यांपूर्वी भावाकडे राहायला गेलेल्या बायकोला फोनवर नुसती बातमी दिली. संध्याकाळी बॅग घेऊन हजर. म्हणाली, नीट चालायला लागेपर्यंत थांबते, उगाच अर्थ काढू नका. मी कशाला काढू? पण बॅग चांगली मोठी आहे.

७ मार्च, सकाळी
हाडांचे डॉक्टर म्हणाले, लिगामेंट बरंच फाटलंय, तरी ऑपरेशन नको. पट्टा बांधा, व्यायाम करा. त्यानंतरही घोटा दगा देत राहिला, तरच कापाकापी. विचारलं, ऑपरेशननंतर घरात माणूस किती दिवस लागतं? म्हणाले, महिना-दीड महिना तरी. माहिती असावी म्हणून विचारलं. बातमीदाराची खोड.

२४ मार्च
एका पायावर उभं राहायचा व्यायाम. बायको शेजारी उभी राहते. तोल गेला की तिच्या खांद्यावर हात. तोल बराच जातो. ती म्हणाली, मुद्दाम करताय का? संकल्प: तोल मुद्दाम घालवायचा नाही. सावरायची घाईही करायची नाही.

६ एप्रिल
रबरी पट्टीचे व्यायाम कामाच्या गडबडीत राहतात. (सध्या रजेवर आहे.) फिजिओबाई म्हणाल्या, काका, घोटा तुमचं ऐकत नाही की तुम्ही माझं? घरी येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, ऑपरेशन लागणारच. माझा हिशेब: महिना-दीड महिन्यात माणूस घरात पुन्हा रुळतं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुमच्या ताईंशी बोलून ठेवलंय, त्या येतील महिनाभर.
दुपारपासून व्यायाम सुरू.

१९ एप्रिल
नवं धोरण: ठणठणीत नवरा कोण सोडून जाईल? सकाळी एका पायावर उभा होतो. बायको पडदा सारायला गेली, तरी मी तसाच. वळून बघत राहिली. म्हणाली, जमतंय की तुम्हाला. छाती फुगली.
संध्याकाळी तिनं बॅग भरली. दारात म्हणाली, पडल्यावर लगेच फोन केलात. धडधाकट होतात ते सहा महिने का नाही केलात?
मी म्हणालो, टॅक्सी खोळंबलीय.

३ मे
डॉक्टरांनी घोटा ओढून, वळवून पाहिला. लिगामेंट जुळलंय, घोटा पक्का. विचारलं, तरी खबरदारी म्हणून ऑपरेशन? म्हणाले, कशाचं करू, तेवढं सांगा.
बायकोला फोन लावला. ऑपरेशन ठरलंय, असंच सांगणार होतो. तिनं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तोंडातून गेलं, घोटा पक्का आहे. म्हणाली, छान. मग तिनंच विचारलं, आणखी काही सांगायचं होतं का?
म्हणालो, नाही, एवढंच.
तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी असणार.