मी पार्वताबाईला ‘या’ म्हणालो, त्याची हकीकत

जठारपेठ, अकोला
शुक्रवार, भरदुपारी

तीर्थरूप इंदूबाईस,

धाकट्या भावाचा, जानरावाचा, प्रभूच्या नावाने सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? अंजनगावात थंडी पडली असेल, तेल चोळायचा कंटाळा करू नकोस. इकडे माधवी आणि प्राजक्ता ठणठणीत आहेत. माझं मात्र खरं नाही. मंगळवारपासून फाटकाची कडी वाजली की मी न्हाणीघरात जाऊन बसतो. (माधवी म्हणते, नवरा एवढा स्वच्छ कधीच नव्हता.)

गुडघ्यांमुळे तू प्राजक्ताच्या साखरपुड्याला आली नाहीस, तेव्हा काय घडलं ते दुसऱ्या कुणाकडून कानावर यायच्या आत मीच सांगतो. त्याच्या आधीच्या रविवारी आपल्या पाळकसाहेबांचा घसा बसला आणि त्यांनी उपासनेतला संदेश मला द्यायला सांगितला. (खुणेनंच सांगितलं, त्यामुळे नाही म्हणायला वाव मिळाला नाही.) मी जन्मभर पाटबंधारे खात्यात खाली मान घालून टंकलेखन केलेला माणूस. चार डोकी एकत्र दिसली की मी वाट बदलतो. म्हणून सोपा विषय घेतला, जेवणाचा. प्रभू सांगतो ना, पंगत घालाल तेव्हा सोयऱ्यांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, ते उलट बोलावून फेड करतील. गरीब, लुळे, आंधळे, ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना बोलवा. भीतीनं मी डोळे मिटून बोललो आणि बाई, काय झालं कोण जाणे, बोलतच गेलो. आपले पणजोबा गावाबाहेर राहायचे, त्यांच्या ओंजळीत लोक पाणीसुद्धा वरून ओतायचे, त्यांना पहिल्यांदा कुणीतरी आपल्या शेजारी चटईवर बसवलं म्हणून आपण आज या बाकांवर बसलो आहोत, देवाच्या राज्यात ‘बाहेर’ नावाची जागाच नाही, असंही बोलून गेलो. लोकांनी डोळे पुसले. मी घाम पुसला.

डोळे उघडले तेव्हा दाराशी पार्वताबाई दिसली. ही जुन्या शहरात नाल्या साफ करते, मोर्णेच्या काठावर झोपडीत राहते, आणि रविवारी पायरीवर बसून ऐकते. आत ये असं आजवर तिला कुणी म्हटलेलं नव्हतं. (मीही नाही.) उपासना सुटल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

“साहेब, मंगळवारी पोरीचा साखरपुडा हाय ना तुमच्याकडं? मंग आमी नदीकाठचे सारे कधी येऊ?”

नाही म्हणायची मला भीती वाटते, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, “या, दुपारी या.”

घरी आल्यावर मला व्याही आठवले. होणारे व्याही खुशालराव म्हणजे अमरावतीचे निवृत्त प्राचार्य. त्यांच्यासमोर मी खुर्चीच्या कडेवर बसतो. गरिबांना ते घोंगड्या वाटतात, पण मोटारीतून न उतरता. सोयरीक मोडली तर? सोमवारी मी नदीकाठी गेलो, काहीतरी थाप मारून येऊ नका म्हणून सांगायला. तिथं पार्वताबाई लुगडं वाळत घालत होती. शेजारचे नत्थुजी दाढी करून घेत होते. महारोगानं त्यांची बोटं नेली. रोग कधीच बरा झाला, लोकांची भीती काही बरी झाली नाही. मला पाहून म्हणाले, “साहेब, मले आजवर कोनी जेवाले बोलावलं नव्हतं.” मी थाप गिळली आणि म्हणालो, “उशीर करू नका.”

मंगळवारी ती मंडळी व्याह्यांच्या आधी हजर! आत कुणी आलं नाही. सवयीनं फाटकाबाहेर, धुळीत, आपापली ताटं घेऊन बसली. तेवढ्यात खुशालरावांची मोटार आली. ते उतरले, बघितलं, आणि म्हणाले, “जानराव, उरलेलं मागून वाटायचं असतं. हे आत्ताच काहून आले?”

हो, चुकलंच, आत्ता घालवतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मागं प्राजक्ता उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. बाई, व्याह्याची भीती मोठी, पण पोटच्या पोरीच्या नजरेची त्याहून मोठी. “पाहुणे आहेत,” मी म्हणालो. “मीच बोलावलं.” (आवाज उंदराचा होता, पण ऐकू गेला.) प्राजक्तानं नत्थुजींचा हात धरला, तोच बोटं नसलेला, आणि त्यांना मांडवात पहिल्या खुर्चीवर बसवलं. बाकीचे मागून आले. खुशालराव वळले आणि मोटारीत जाऊन बसले. त्यांचा कुलदीप एकदा मोटारीकडे बघे, एकदा मांडवाकडे. शेवटी तो नत्थुजींच्या शेजारी बसला आणि त्यांना पुरीचे तुकडे करून देऊ लागला. पोराचे कान लाल झाले होते. म्हणजे तोही भित्राच. मला जावई पसंत आहे.

मग पार्वताबाई ताट वाढून मोटारीकडे निघाली. मी अडवायला धावलो, आणि धीर सुटून शेवग्याच्या झाडामागं थांबलो.

“इवाईबुवा,” ती व्याह्यांना म्हणाली, “तुमी बाहेर काहून बसले? बाहेर तं आमी बसत असतो. आत लय जागा हाय.”

खुशालरावांनी काच वर केली. ती हलली नाही. उन्हात ताट धरून उभीच राहिली. बुंदीवर माशा बसू लागल्या, तर पदरानं वारा घालू लागली. फार वेळानं काच खाली आली, एक हात बाहेर आला आणि ताट आत गेलं.

अंगठ्या घातल्या गेल्या, पण व्याही मांडवात आले नाहीत. निघताना मला एवढंच म्हणाले, “पुढच्या आठवड्यात रविवारी अमरावतीला या. बोलायचं आहे.” तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

तुझा,
जानराव

ता. क. तू शाळेत शिकवायचीस तेव्हा खुशालराव तिसरीत तुझ्या वर्गात होते आणि अजून तुला बघितलं की उभे राहतात. त्या रविवारी तू माझ्याबरोबर चल. गुडघ्यांचं मला कळतं, पण मी एकटा त्या घराची पायरी चढू शकत नाही. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

आणखी एक : पाकीट चिकटवतानाच त्यांचा फोन आला. म्हणाले, “ती बाई लग्नात कुठं बसणार?” मी भिंत धरून म्हणालो, “आत.” मग म्हणाले, “बरं.” आणि फोन ठेवला. बाई, प्राचार्यांच्या ‘बरं’चा अर्थ काय असतो? लवकर कळव, मी न्हाणीघरातच आहे.