बंडप्पाचा भोपळा आणि अक्काचं गोड पत्र

येरमाळा
३ ऑक्टोबर २०२४

चि. बंडप्पास,
मल्लम्माक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. रडू आलं म्हणून न्हाय, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं म्हणून. पहिला वेल रानडुकरांनी उकरला, दुसऱ्यावर केवडा रोग पडला, आणि तिसरा तू स्वतःच खत पाजून पाजून जाळलास. म्हणजे डुक्कर, रोग आणि मालक, तिघांनी सारखं वाटून घेतलं. कुणाची तक्रार राहिली न्हाय.

फोन का उचलत न्हाय म्हणून विचारतोस. अरे, माझ्या कानांनी यंदा राजीनामा दिलाय. मशीन घातलं की ते कानात शिट्ट्या मारतं. या वयात म्हातारी शिट्ट्या ऐकत दुकानात बसते, असं गिऱ्हाइकांनी म्हणायला नको. तेव्हा पत्रच लिहीत जा. मी शाळा पाहिली न्हाय, पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. तुझं कारकुनी अक्षर मला बरं लागतं.

कचेरीतून सुटल्यापासून तू काय काय केलंस ते मात्र मला तोंडपाठ आहे. मधमाश्या पाळल्यास, त्या पहिल्या उन्हाळ्यात उडून गेल्या आणि पेट्यांत कोंबड्या बसल्या. रेशीम केलंस, अळ्यांनी मान टाकली तशी तूही टाकलीस. बाजाची पेटी आणलीस, ती 'सा' सोडून पुढं सरकली न्हाय. आता हा राक्षसी भोपळा. आणि वर पोराला, महांतेशला, शब्द देऊन बसलास की जानेवारीत तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात तुझा भोपळा पोचला न्हाय, तर रान बटईनं देऊन नागूबाईसकट पुण्याला त्याच्याकडं जायचं. पोरगं गुणी आहे, काळजीनंच बोलावतंय. पण तिथं तुला काम काय? आठव्या मजल्यावर बसून लिफ्ट वर गेली की खाली, ते बघायचं. तेसुद्धा तू अर्ध्यात सोडशील.

चौथं बी लावलंस का? की तेही पुढं पुण्याला धाडलंस?

हसते म्हणून माया कमी समजू नये.
तुझी अक्का

*

माकणी
२८ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मल्लम्माक्कांस,
बंडप्पाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नागूबाईनं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग बांधाशेजारच्या खाजामियाँना बोलावून पुन्हा वाचलं. ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर गेला. माझं धोतर होतं ते.

पण आता हसणं आवरा. चौथा वेल लागलाय! भल्या सकाळी नर फूल खुडून मी स्वतः मादी फुलात फिरवलं. नागूबाई म्हणाली, लग्नापासून मला कधी एक फूल आणलं न्हाय, आणि वेलीला देताय. मी कानाडोळा केला. फळ धरलं. बाकीची कोवळी फळं खुडून टाकली, म्हणजे वेलाचं सगळं बळ याच एकाला. आज ते घागरीएवढं आहे आणि रोज फुगतंय. उन्हानं साल करपू नये म्हणून वर नागूबाईचं इरकली लुगडं घातलंय.

नियम मात्र कडक केलेत. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आपल्या आईनंच शिकवलेलं. तेव्हा बोट दाखवायचं न्हाय. दाखवायचंच असलं तर हनुवटीनं. आणि रानात काय, घरात काय, फळाबद्दल वाईट शब्द काढायचा न्हाय. बघायला येणारे हात मागं बांधून उभे राहतात. खाजामियाँ म्हणाले, निकाहात नवरी बघतानाही एवढी अदब लागली न्हवती.

एक मनातलं लिहितो. मला पुण्याला जायचं न्हाय, अक्का. पोराला तोंडावर सांगवत न्हाय, म्हणून भोपळ्याला पुढं केलंय.

रागावलो तरी लोभ आटू देऊ नये.
आपला बंडप्पा

*

येरमाळा
६ डिसेंबर २०२४

चि. बंडप्पास, अ. उ. आ.

अख्खं गाव हनुवट्या उडवत तुझ्या रानात उभं असेल, हे डोळ्यापुढं आलं आणि गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं. ते परत आलं तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. मीठ घेऊन हसत गेलं.

लुगडं नागूबाईचं, सावली भोपळ्याला. फळाला जेवढं जपतोस त्याच्या चवथ्या भागाइतकं तरी बायकोकडं बघ. आणि लुगडं उचलून खालीही बघत जा. साहेबाच्या टेबलावर दिसेल तेवढंच बघायची तुझी कचेरीतली जुनी सवय.

कळावे, टोचलं तर चोळावे.
अक्का

*

माकणी
२७ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप अक्कांस, सा. न. वि. वि.

संपलं. घुशीनं खालून पोखरला. वरून लुगडं पांघरून राजासारखा बसलेला, आत नुसती पोकळी. उचलायला गेलो तर वरची टोपीच हातात आली.

नागूबाईला उकरलेली माती आधीच दिसली होती. पण बोट दाखवायची बंदी, म्हणून ती हनुवटी हलवत राहिली. मला वाटलं लुगडं सरकलंय. मी ते नीट केलं. मग तिनं कोपर हलवलं. मला वाटलं कोपर दुखतंय. मी तेल चोळून दिलं. तोंडानं का न्हाय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, वाईट शब्द काढू नको असं तुम्हीच बजावलं. मी बोलले असते आणि फळ गेलं असतं, तर जन्मभर माझ्या नावानं खडे फोडले असते.

मधमाश्यांसारखंच झालं हे. आता वेल उपटतो आणि महांतेशला कळवतो. तुम्ही काय लिहायचं ते लिहा, खरंच असेल.

बंडप्पा

*

येरमाळा
२ जानेवारी २०२५

चि. बंडप्पास,
मल्लम्माक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र नीरजानं वाचलं आणि माझ्यावरच डाफरली. सूनबाईचं म्हणणं, खचलेल्या माणसाला टोचू नये, धीर द्यावा. तिचं शिक्षण झालेलं आहे, म्हणून ऐकते.

तू फार कष्ट केलेस. यश-अपयश आपल्या हातात नसतं. प्रयत्न केलास, हेच पुष्कळ झालं. पुण्यातही चांगली माणसं असतात. सकाळी बागेत फिरायला जात जा. थंडीचं मफलर बांध. भोपळा काय, बाजारातही मिळतो.

सुखी राहा. लोभ आहेच.
अक्का

*

माकणी
८ जानेवारी २०२५

वन्संना नागूबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचं पत्र आलं आणि घरात सुतक पडल्यागत झालं. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणाले, अक्कानं एक टोमणा मारला न्हाय, म्हंजे अक्कालाबी आशा न्हाय. मला विचारत होते की डाक्टरनं ह्यांच्याबद्दल अक्काला काय सांगितलंय का. माळ्यावरची बॅग काढलीय. वेल अजून हाय, कारण विळा म्या लपवलाय.

वन्सं, आणखी एक सांगते. ह्यांनी कोवळी फळं खुडली तवा एक म्या पानाखाली झाकलं, भाजीला होईल म्हणून. ते आता कळशीएवढं झालंय. ह्यांना दाखवलं. बोटानं दाखवलं, दाही बोटांनी दाखवलं! तर म्हणाले, असू दे, भाजी कर.

मला पुण्याला जायला आवडंल असं समद्यांनी धरलंय. मला कुणी इचारलं न्हाय. माझ्या शेळ्या त्या आठव्या मजल्यावर चढतील का?

पाया पडते, एक जहाल पत्र लिहा. नेहमीपेक्षा तिखट. नीरजाला दाखवू नका.

तुमची नागूबाई

*

येरमाळा
११ जानेवारी २०२५

बंडप्पास,

आशीर्वाद देण्यासारखं काय केलंस ते आधी कळव, मग देते.

माझं गोड पत्र खरं धरलंस? सुनेनं सांगितलं म्हणून औषध पिते तसं लिहिलं होतं ते. बॅग काढलीस म्हणे. ती तरी पूर्ण भरलीस, की तीही अर्धीच?

त्या घुशीकडून काहीतरी शीक. शाल न्हाय, लुगडं न्हाय, बघायला गाव न्हाय. बिचारी अंधारात, कुणी शाबासकी न देता, रोज कामाला आली आणि काम तडीस नेलं. तुझ्या रानात चिकाटीचं जनावर तेवढं एकच होतं, आणि तू त्यालाच शिव्या देतोस.

नागूबाईनं भाजीला म्हणून ठेवलेलं फळ टिकलं, कारण त्यावर तुझं लक्ष न्हवतं. आता त्याला पाणी घाल, खाली फळी आणि जाळी सरकव, आणि नवे नियम काढायच्या आधी जीभ मिटून ठेव. लहान आहे म्हणून लाज वाटत असेल तर वाटू दे. लाजेनं माणूस मरत असता तर तू मधमाश्यांच्याच वेळी गेला असतास.

आणि एक. पोराला नको म्हणायची हिंमत तुला न्हाय, म्हणून ते ओझं तू मुक्या फळाच्या देठावर टाकलंस. भोपळ्याचं देठ आहे ते, त्यानं किती पेलायचं? तुझं तोंड कशाला दिलंय?

प्रदर्शनात गेला न्हायस, तर मी स्वतः माकणीला येते आणि पारावर बसून तुझे सगळे धंदे पहिल्यापासून सांगते. मला ऐकू येत न्हाय, त्यामुळं मध्ये कुणी थांबवू शकणार न्हाय.

लोभ आहे की न्हाय ते महिनाअखेरीला ठरवू.
मल्लम्मा

*

माकणी
१ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मल्लम्माक्कांस,
बंडप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पोचला. एकोणीस किलो भरला.

पाटी होती 'राक्षसी भोपळे'. माझा तिथं राक्षसाच्या नातवासारखा दिसत होता. शेजारी एकाचा ऐंशी किलोचा, गादीवर लोळत पडलेला. लोक आधी तो बघायचे, मग माझा, मग माझ्याकडं. एकानं विचारलं, काका, हा नमुना आहे का, खरा मागनं येणार आहे का? कुणी त्याच्याशेजारी लिंबू ठेवून फोटो काढला, मोठा दिसावा म्हणून. तेवढी दया केली.

महांतेश पुण्याहून गाडी घेऊन आला होता. कानाशी येऊन म्हणाला, अप्पा, चला, लोक हसतायत. अक्का, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काहीच होत न्हवतं. मी त्याला म्हणालो, याला हसणं म्हणत न्हाईत. माझ्या थोरल्या बहिणीची पत्रं वाच, मग कळेल. यांचं हसणं म्हणजे अळणी वरण.

आणि त्याच दमात सांगून टाकलं. ठरल्याप्रमाणे भोपळा पोचलाय, पण ते सोड. तो पोचला नसता तरी मी येणार न्हवतो. मला रान सोडायचं न्हाय. तुझ्या आईलाही न्हाय, तिला मी काल पहिल्यांदा विचारलं.

त्यानं कुठून तरी खुर्ची आणून माझ्यामागं ठेवली, आणि स्वतः भोपळ्याशेजारी उभा राहिला. संध्याकाळपर्यंत हसणाऱ्यांना तोच उत्तरं देत होता. जरा तुमच्यावर गेलाय, असं जाणवलं.

नंबर आला न्हाय. मंडप सुटेपर्यंत मी हललो मात्र न्हाय. घरी आल्यावर पहिला घाव नागूबाईनं घातला. बाईनं भोपळा आधी फोडू नये म्हणतात, पण वाढवला तिनं. मोठी फोड खाजामियाँच्या पिकअपमधून पाठवतोय. ते बार्शीच्या बाजाराला निघालेत.

यंदा खड्डा खणतानाच तळाला जाळी अंथरणार आहे.

लोभाचं काय ठरलं ते कळवावे.
आपला बंडप्पा

*

येरमाळा
५ फेब्रुवारी २०२५

चि. बंडप्पास,
मल्लम्माक्काचे अ. उ. आ. थकलेले धरून सगळे दिले आहेत.

फोड मिळाली. खाजामियाँनी ती दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं केली, जसं काही नातवंड दाखवतायत. एकोणीस किलो! आमच्या दुकानात एवढी तर साबुदाण्याची पोती इकडून तिकडं मीच सरकवते.

त्याचे घारगे केले. नीरजानं खाल्ले, शेजारणीला दिले, आणि उरलेले मी डब्यात लपवले.

गूळ नेहमीपेक्षा कमी लागला.

हे कौतुक समजून पुन्हा बॅग काढशील, म्हणून स्पष्ट लिहिते: मी फक्त गुळाचं सांगते आहे.

नागूबाईला दोन फुलं आण.
तुझी अक्का