वेळ अमावस्येपर्यंत हेवी मेटल

३ नोव्हेंबर, भाऊबीज

मंद्रूपला सासुरवाडीत जेवण. आमची सिद्धी दोन्ही कानांत ती पांढरी बोंडकं घालून जेवत होती. अकरावीतली पोर, आजोबांनी दोनदा हाक मारली तरी पत्ता नाही. शेवटी मी खांद्याला हलवून विचारलं, एवढं काय ऐकतेस? म्हणाली, मेटल, अप्पा. तुम्हाला नाही कळणार.

सगळ्यांसमोर. आणि कुणाला? कॉलेजच्या गॅदरिंगला सलग दोन वर्षं ज्याने पडदा ओढला, त्याला!

हीच पोरगी लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेपासून घरापर्यंत गात यायची. आता ती घरात आहे की नाही हे चार्जर बघून ओळखावं लागतं. असो. आपल्याला काही वाटत नाही.

हात धुवायच्या आधीच जाहीर केलं: येत्या वेळ अमावस्येला शेतात पूजा-जेवणं झाली की मी स्वतः इलेक्ट्रिक गिटारवर हेवी मेटल वाजवणार. सासरे सिद्धलिंगप्पामामा म्हणाले, वाजवा की जावईबापू, दरसाली भजनच हुतंय. धनलक्ष्मीने माझ्या ताटात आणखी एक शेंगांची पोळी वाढली. बायकोचा पाठिंबा आहे.

५ नोव्हेंबर

हेवी मेटल म्हणजे काय ते आज ऐकलं. अर्धं गाणं. गायकाची तब्येत बरी नसावी.

ठरवलं: संगीत नंतर. आधी गिटार. हत्यार चांगलं असलं की निम्मं काम झालं.

८ नोव्हेंबर

रिसर्च जोरात. बँकेत लंच टाइममध्ये व्हिडिओ, घरी आल्यावर व्हिडिओ. मेटलसाठी तारांखाली जाड चुंबकं लागतात, त्यांना हंबकर म्हणतात. तारेचा आवाज ती पकडतात आणि वायरीतून ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला देतात. मग ॲम्प बोंबलतो. लाकूड कुठलं, मान किती बारीक, तारा टेकतात तो पूल हलता की पक्का, सगळं आता तोंडपाठ आहे. गिटार अजून हातात घेतलेली नाही, पण तज्ज्ञ म्हणायला हरकत नसावी.

आकार ठरला. इंग्रजी व्हीसारखी. काळी.

९ नोव्हेंबर, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी. सकाळी अंघोळ करून, विभूती लावून निघालो तर आई, म्हणजे आमची अव्वा, उंबऱ्यात आडवी. शनिवारी लोखंड घरात आणायचं न्हाय. मी म्हणालो, अव्वा, ती लाकडाची असते. तिने विचारलं, तारा कशाच्या? म्हणालो, स्टीलच्या. म्हणाली, मग?

ऐंशीच्या घरातल्या बाईशी धातुशास्त्रावर वाद घालणं मला शोभत नाही. पण अडचण खरी आहे. रविवारी दुकान बंद, बाकीचे दिवस बँक.

तोडगा काढला. दुकानात जाऊन लोखंड नसलेलं सगळं आज आणलं. गिटारचा पट्टा (चामडी), तार छेडायच्या प्लॅस्टिकच्या पाकळ्या, त्यांना पिक म्हणतात, आणि कवटीचं चित्र असलेला काळा टीशर्ट. पट्ट्याला बक्कल आहे. अव्वाला दाखवलं नाही.

म्हणजे निम्मी गिटार आलीच.

१० नोव्हेंबर

पट्टा गळ्यात अडकवून आरशासमोर सराव. गिटारशिवाय. मेटलमध्ये वाजवण्याइतकंच मान झटकण्याला महत्त्व असतं. केस पुढून मागे गेले पाहिजेत. माझे मागे आहेतच, पुढचा प्रश्न आहे. कटिंग आजपासून बंद.

१२ नोव्हेंबर

मान धरली. डॉक्टरांनी गळपट्टा दिला. बँकेत सगळे विचारतात, काय झालं. रियाज, एवढंच सांगतो.

२१ नोव्हेंबर

हाफ डे टाकून दुकानात. सिद्धीचा क्लास तिकडेच असतो, म्हणून तीही आली. दुकानात पाय ठेवल्याबरोबर तिने दोन्ही बोंडकं काढून खिशात टाकली. दुकान बघून दबली असेल.

दुकानदार रावजी म्हणाले, नवीन शिकणार असाल तर ही साधी घ्या, व्हीवाली बसल्यावर मांडीवरून घसरते. मी त्यांना सांगितलं की मेटल बसून वाजवत नाहीत. मग त्यांनी विचारलं, सध्या काय वाजवता? म्हणालो, सध्या निवड चालू आहे.

सिद्धी त्या साध्या गिटारवरून बराच वेळ बोटं फिरवत होती. म्हणाली, अप्पा, हिची मान सरळ आहे, हीच घ्या. मी तिला प्रेमाने समजावलं की या गोष्टी अभ्यासाने कळतात. व्हीवाली घेतली. ॲम्पपण घेतला, चांगला गव्हाच्या डब्याएवढा.

घरी आल्यावर अव्वाने ओवाळलं, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. कुंकू चुंबकांत गेलं. आवाजाला तेज येईल.

२५ नोव्हेंबर

पहिला धडा. मोबाइलमधला मास्तर म्हणतो, तीन बोटं तीन तारांवर दाबा. दाबली. बोटं कापली. गिटार मांडीवरून घसरली ती थेट करंगळीवर. पायाच्या.

दुकानदाराने तारा निकृष्ट दिल्या आहेत. उद्यापासून रोज एक तास.

३ डिसेंबर

मधले दिवस बोटांना विश्रांती. तज्ज्ञसुद्धा विश्रांतीवर भर देतात.

आज एक मोठा शोध लागला. मेटल मुख्यतः सगळ्यात जाड तारेवरच चालतं. बाकीच्या पाच तारा शोभेच्या. जाड तारेवर एका बोटाने धुम, धुम, धुमधुम असं वाजवलं. धनलक्ष्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, मिक्सर मी बंद केलाय की! तिलाही फरक जाणवतोय.

आणखी एक गंमत. व्हिडिओत म्हणतात की नव्या तारा रोज उतरतात, रोज सुरात लावाव्या लागतात. माझ्या उतरत नाहीत. संध्याकाळी बँकेतून आलो की गिटार जागच्या जागी सुरात. काही लोकांच्या हातालाच गुण असतो.

९ डिसेंबर

बँकेतून आलो तेव्हा ॲम्प गरम. कुणी हात लावलेला नाही, मी तर बँकेत. सिद्धीला विचारलं तर म्हणाली, ऊन येतं त्या खोलीत. बरोबर आहे. सोलापूरचं ऊन डिसेंबरातही सोडत नाही. पडदा लावून घेतला.

दहा पिक आणले होते, तीन उरलेत. घरात उंदीर झालेत. पिंजरा लावला.

१३ डिसेंबर

जिन्यात वरच्या मजल्यावरचे श्रीशैलअण्णा भेटले. म्हणाले, दुपारी चारच्या सुमाराला तुमच्या गिटारने आमच्या भिंती हादरतात, जरा बघा की. मी दुपारी चारला कॅश मोजत असतो. पण वाद घातला नाही. मी घरात नसतानाही माझा आवाज त्यांच्या कानात घुमत राहतो, हे छोटं यश नाही. आभार मानून खाली आलो. ते बघतच राहिले.

१८ डिसेंबर

मॅनेजरसाहेब म्हणाले, केसांचं काहीतरी करा, ग्राहक विचारतात घरी कुणी गेलं का.

कलावंताला हे सहन करावं लागतं.

२२ डिसेंबर

रियाज नाही. मान.

सिद्धीच्या डाव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. विचारलं तर म्हणाली, मिरच्या चिरल्या. पोरगी स्वयंपाकात लक्ष घालायला लागली, धनलक्ष्मीला किती आनंद झाला असेल. तिला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. आई ती आईच.

आज जेवताना सिद्धीच्या एकाच कानात बोंडूक होतं. विचारलं, अप्पा, तुम्ही खरंच वाजवणार? सगळ्यांसमोर? मी म्हणालो, बघच तू. ती हसली नाही. काळजी केल्यासारखं बघत होती. तिच्या एवढ्या जवळ बसून बरेच दिवस झाले.

हे नीट झालंच पाहिजे.

२९ डिसेंबर

उद्या वेळ अमावस्या. रजा मंजूर. सामान बांधलं: गिटार, ॲम्प, पट्टा, टीशर्ट, दोन एक्स्टेन्शन बोर्ड. मंद्रूपच्या शेतात प्लग लांब असला तर? सगळा विचार केलेला आहे.

धून म्हणाल तर तीच, धुम धुम धुमधुम. पण आत्मविश्वासाने.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या, दुपारी साडेतीन, शेतात

हे बांधावर बसून लिहितोय. लिहिलं नाही तर काय करू कळत नाही.

सकाळ छान गेली. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले. पूजा झाली, आंबील शिंपत सगळ्यांनी शेताला फेरी मारली, मीपण मारली. मग भज्जी, उंडे, खीर. तीन वेळा वाढून घेतलं. रंगमंचावर जाण्याआधी पोटात आधार हवा.

जेवणं झाली. मामांनी लिंबाखाली चादर अंथरली. सगळे पाहुणे बसले. मी टीशर्ट चढवला, वर गळपट्टा, वर गिटार. मामांनी गिटार न्याहाळून विचारलं, हे बेचकं कशाला आणलंय? मी हसलो. एक्स्टेन्शन बोर्ड हातात घेऊन विचारलं, मामा, प्लग कुठे?

मामा म्हणाले, प्लग कुटला हितं? मोटरीला लाइट हाय, पन ह्या आटवड्यात रातची पाळी. बाराच्या पुढं येतीय. थांबताय का?

शेतात लाइट पाळीने येते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला वाटलंच नाही की गिटारला लाइट लागते. एकतारीला कुठे लागते?

माघार घेणं आपल्या रक्तात नाही. तशीच वाजवली. डास कानाशी आल्यावर जेवढा आवाज करतो, त्याहून थोडा कमी आवाज. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, सुरू झालं का? मी डोळे मिटून, मान झटकून शेवटपर्यंत वाजवली. मान पुन्हा धरली. थांबलो तेव्हा तोच माणूस म्हणाला, आता करा की सुरू.

हशा. माझी नजर सिद्धीवर. ती हसत नव्हती. बोंडकं काढून उठली, पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढा एक ॲम्प काढला. सेलवर चालणारा. माझ्या एवढ्या रिसर्चमध्ये हा कुठेच आला नव्हता. मी धनलक्ष्मीकडे पाहिलं. ती लिंबाच्या शेंड्याकडे बघत होती.

सिद्धी म्हणाली, अप्पा, द्या.

दिली. तिने पट्टा दोन भोकं आवळून घेतला आणि वाजवायला लागली. सहाही तारा. डावा हात कुठे जातोय ते दिसत नव्हतं. ज्वारीतली पाखरं भर्रकन उठली, दावणीचे बैल उभे राहिले. एक म्हातारी कानावर हात ठेवून म्हणाली, शिव शिव. आणि आमचे सिद्धलिंगप्पामामा आनंदाने ओरडले, अगं, सगळं शिवार रिकामं झालं की पाखरांचं! हे बेचकं लई कामाचं हाय! कणसं भरूस्तोवर पोरगीला हितंच ठेवा.

मग एकेक गोष्ट कळत गेली. सुरातल्या तारा, गरम ॲम्प, श्रीशैलअण्णांच्या भिंती, मिरच्या. उंदरांचा पिंजराही उगाच लावला.

राग आला. लाजही वाटली, सासुरवाडीसमोर, एवढे केस वाढवून. पण पोरगी वाजवताना सारखी माझ्याकडेच बघत होती. आजोबांकडे नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही. लहानपणी सायकल शिकताना मागे वळून बघायची तशी. संपल्यावर तिने विचारलं, कळलं का अप्पा?

म्हणालो, कळलं.

काही कळलं नव्हतं.

३० डिसेंबर, घरी आल्यावर

एसटीत मागची सीट मिळाली. धनलक्ष्मी उरलेल्या भज्जीचा डबा घेऊन पुढे. ॲम्प माझ्या पायाखाली, गिटार सिद्धीच्या मांडीवर. म्हणजे घसरत होती, मी धरून ठेवली होती.

गाडी सुटली तशी सिद्धीने एका कानातलं बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. स्वतःहून. मी मागितलं नव्हतं.

आता खरं लिहितो, ही वही कोण वाचणार आहे? मला हे संगीत अजिबात आवडत नाही. भांडी पडल्यासारखं सुरू होतं, मग कुणीतरी पत्रा बडवतं, मध्येच किंचाळतं. डोकं ठणकायला लागलं. तरी बोंडूक काढलं नाही. सगळी वाट मान हलवत राहिलो, दुखत होती तरी. दोनदा वा म्हणालो. एकदा तर म्हणालो, हा शेवटचा तुकडा काय जबरदस्त आहे.

सोलापुरात सैफुलच्या थांब्यावर उतरल्यावर तिने ते माझ्या कानातून काढून घेतलं. म्हणाली, अप्पा, हे तर मंद्रूपलाच बंद पडलंय. चार्जिंग नव्हतं.

म्हणजे मी दाद देत होतो ती एसटीच्या खिडकीला.

सैफुलपासून घरापर्यंत रिक्षात सिद्धी हसत होती आणि मला खिडकी आणि मेटल यांतला फरक समजावत होती. दोन्ही कान मोकळे. मी म्हणालो, मला अजून फरक कळला नाही. म्हणाली, उद्या परत सांगते.

कळला नव्हताच.