जिन्यावरची माणसं

ता. ९, रविवार सकाळ

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी खुशाल आहे. जावईबापूंचा खोकला थांबला का, ते कळव. तू विचारलंस त्याचं उत्तर शेवटी लिहितो. आधी बातम्या.

तू माझ्या नावाने परस्पर अर्ज धाडलास, तेव्हा मी तुझ्याशी धड बोललो नव्हतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने मुलांच्या कलाकेंद्रात इंटर्न व्हायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं, असं वाटलं होतं. आता राग गेला आहे. केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम. पत्र्याचं छप्पर, उंच खिडक्या, फरशीवर वाळलेल्या रंगाचे थर. शाळा सुटली की वस्तीतली मुलं येतात आणि माती, रंग, नाटक, जे मनात येईल ते करतात. मी त्याची नोंद ठेवायची, म्हणजे फोटो काढायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या. माझ्या वरच्या बाई तुझ्याहून लहान आहेत. मुलं त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणतो, आणि त्या मला काका म्हणतात. नात्याचा हा गुंता कोणालाच खटकत नाही.

पहिल्या आठवड्यात माझी फजिती झाली. उभा जन्म आपल्या फोटो स्टुडिओत गेला, हाताची सवय कशी सुटणार? दिसेल त्या पोराची कॉलर सरळ करायची, हनुवटी वर, हात मांडीवर. ताईंनी फोटो पाहिले आणि हसू दाबत म्हणाल्या, "काका, ही सगळी लग्नाला आल्यासारखी दिसतायत. मला बरबटलेले हात हवेत." मग एकच नियम सांगितला. जे चाललंय ते टिपायचं, थांबवायचं नाही, सुचवायचंही नाही. घरी येऊन मी त्यावर विचार करत बसलो. देवापुढेही मी आजवर काहीतरी सुचवतच आलो होतो. हल्ली नुसता बसतो.

आता पडद्याचं. स्टुडिओतलं बाकी सामान तू म्हणालीस तसं देऊन टाकलं, पण बाग आणि जिना रंगवलेला तो फोटोमागचा पडदा दिला नाही. तुला बोललो नाही, इतकंच. सगळ्या मुलांचा एक एकत्र फोटो त्याच्यापुढे काढावा म्हणून मागच्या आठवड्यात शनिवारी तो नेला, भिंतीला टांगला आणि कॅमेऱ्याची बॅटरी आणायला आत गेलो. त्या दिवशी मुलांना रंगवायला घरून जुन्या चादरी आणायला सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. पण आपला पडदा कोणाला जुनी चादर वाटेल, हे डोक्यातच आलं नाही. परत आलो तर पोरं ब्रश घेऊन जिन्याला भिडलेली.

तुझ्या आईच्या हातचा पडदा तो. तिसरी पायरी तिने इतकी उंच रंगवली होती की गिऱ्हाइकं म्हणायची, वहिनी, या जिन्याला शिडी लावावी लागेल. रांगायला लागलीस तेव्हा तू तीच पायरी चढू बघायचीस आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यायचीस. त्या पायरीवर आता एक निळं मांजर बसलं होतं, अजून ओलं.

माझा चेहरा पाहून ताई मुलांना थांबवायला पुढे झाल्या. मी मान हलवून त्यांना नको म्हटलं आणि कॅमेरा उचलला. त्यात नियम पाळण्याचा मोठेपणा नव्हता. तोंडापुढे धरायला काहीतरी हवं होतं.

एक नखाएवढी पोर आहे, तिला सगळे टिल्ली म्हणतात. तिने मागे न बघताच विचारलं, "काका, एवढा मोठा जिना आणि वर कोणीच कसं नाही?"

"फोटो काढून सगळे घरी गेले."

"मग काय रिकामाच ठेवायचा?"

चिमणे, मोबाइल आले म्हणून स्टुडिओ बसला, असं मी सगळ्यांना सांगतो. तुलाही तेच सांगितलं. खरं असं, की आई गेल्यावर गिऱ्हाईक समोर बसलं की मी थांबायचो. कंगवा घेऊन ती पुढे होईल, केस सारखे करील, मग मी बटण दाबीन. कोणी पुढे व्हायचं नाही. माणसं अवघडून बसायची. हळूहळू यायची थांबली.

तेव्हा त्या शनिवारी मी नियम मोडला. टिल्लीला म्हटलं, एक बाई काढ, हातात कंगवा असलेली. तिने काढली. कंगवा बाईपेक्षा मोठा झाला, चांगला दंताळ्याएवढा. म्हणाली, "सगळ्यांचे केस फार गुंतलेत ना." मी इतका हसलो की फोटो हलला. तोच सोबत पाठवतो आहे.

आता उत्तर. तू माझ्यासाठी खोली तयार केलीस, पलंग खिडकीशी लावलास, हे वाचून डोळे भरले. पण मी कायमचा यायचा नाही. ताईंनी पुढेही राहा म्हटलं आणि मी हो म्हणून बसलो आहे. म्हातारपण या घरात काढायचं की तुझ्या, एवढंच ठरवायचं उरलंय असं मला वाटत होतं. आता रंगाने माखलेले हात धुऊन देवापुढे बसतो, तर मागायला काही आठवत नाही.

पलंग तसाच ठेव, सुट्टीत येईन. त्याआधी तू ये. पडदा केंद्राच्या भिंतीवर आहे. तिसऱ्या पायरीवर मांजराशेजारी मी जागा राखून ठेवली आहे. तिथे कोणाला बसवायचं म्हणून टिल्ली रोज विचारते. मी तिला सांगितलंय, थांब, माझ्या लेकीला ती पायरी पहिल्यापासून चढायची आहे.

तुझी वाट बघणारा,
तुझा शिकाऊ बाबा