पिवळी गाडी आणि अक्कांच्या दारातला हंप

शनि., ८ फेब्रु.

बंगळुरात हेब्बाळच्या पुढे सर्व्हिस रोडला सेकंडहँड गाड्यांचं ते मोठं दुकान. ‘नुसती बघायला’ गेलो. पिवळी. दोन दारं. जर्मन. काचेत माझं टक्कल दिसत होतं, तरी छान दिसत होती.

सेल्समन : “डॉक्टरका गाडी है सर. संडे-संडे निकालते थे, बस.” जुनी गाडी नेहमी डॉक्टरची असते आणि फक्त रविवारीच निघालेली असते, हे मला पुण्यापासून पाठ आहे. तरी मान डोलावली.

आत बसलो. म्हणजे आत पडलोच. इंजिन चालू केलं आणि मागून जो आवाज आला... वय अठ्ठेचाळीस, बीपीची गोळी चालू, आणि एकटाच हसत बसलो होतो.

घरी मुग्धाला सांगितलं, टायर बघायला गेलो होतो. खोटं का बोललो कळत नाही. अजून काही केलंसुद्धा नव्हतं.

रवि., १६ फेब्रु.

आगाऊ रक्कम देऊन आलो आणि मग मु.ला सांगितलं. चिडेल वाटलं होतं. तिने पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, “कोणाला दाखवायचीय?”

म्हटलं, हौस आहे. हौसेला मोल नसतं.

“तुझी हौस, की ऑफिसातल्या पोरांची?”

नवा साहेब माझ्यापेक्षा बराच लहान आहे आणि भन्नाट गाडीतून येतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी तिला ठासून सांगितलं. संबंध आहे.

बाबांना पुण्याला फोन. “जुनी गाडी घेतोय.” ते खूश. “शहाणा आहेस. डिकी मोठी आहे ना? आंबे न्यायला बरी.” हो म्हटलं. डिकीत कुकर मावेल, शिट्टी काढून ठेवली तर.

शनि., २२ फेब्रु.

गाडी आली. गेटवर तळमजल्याच्या इंदिराअक्का ताट घेऊन उभ्या. आपल्या मराठीच, पण घराणं शिवकाळापासून इकडचं. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, नारळ. “स्वल्प थांब रे सुधीर, दृष्ट काढते. एवढी पिवळी गाडी, लोकांची नजर लागते की.” पूर्वी मी त्यांचं मराठी सुधारायचो. आज त्या एवढ्या मनापासून ओवाळत होत्या की मलाच कसंतरी झालं.

मग फजिती. गेटातून आत, अक्कांच्या दारापुढचं वळण, आणि तिथे हंप, म्हणजे स्पीडब्रेकर. गाडीचं पोट असं घासलं की तिसऱ्या मजल्यावरचे लोक बाल्कनीत आले. अशा गाड्या हंपवरून तिरक्या घालायच्या असतात, पण तिरकी घालायला जागा कुठे? एकीकडे भिंत, दुसरीकडे अक्कांच्या कुंड्या. ना पुढे ना मागे. शेवटी गेटवरच्या बसण्णाने बांधकामाच्या दोन फळ्या आणून चाकांपुढे लावल्या. मु. आधीच उतरून, आपण या माणसाला ओळखत नाही अशा चेहऱ्याने लिफ्टकडे गेली होती.

हंप कोणाचा? माझाच. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर केलेलं पहिलं काम. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सायकलवरून त्या वळणावर गाडीखाली जाता जाता वाचली, तेव्हा मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून मीच म्हणालो होतो, चांगला वीतभर उंच करा! टाळ्या पडल्या होत्या.

मंगळ., २५ फेब्रु.

रोज तेच. मी आलो की बसण्णा फळ्या घेऊन धावतो, मागे गाड्यांची रांग. आज स्कूल व्हॅन अडकली. व्हॅनमधली पोरं खिडकीतून एक-दोन-तीन म्हणत ओरडत होती. मला उतरून निघून जावंसं वाटलं, पण त्या गाडीतून पटकन उतरताही येत नाही.

शनि., १ मार्च

आज केलं. एकदाचं.

बेसमेंटच्या उतारावर गवंडी काम करत होता. दुपारी सगळे जेवून आडवे झालेले. त्याला म्हटलं, हाही थोडा घासून दे. ‘थोडा’ म्हणता म्हणता हंप गेलाच. जेमतेम एक उंचवटा राहिलाय, चप्पल घातली तर पायालाही कळणार नाही.

ग्रुपवर टाकलं : हंपपाशी पाणी साचत असल्याने दुरुस्ती. मार्च महिना, नळाला पाणी नाही, टँकर येतात, साचायचं कुठून! कोणी विचारलं नाही. सेक्रेटरीने टाकलं म्हणजे बरोबरच असणार.

बसण्णाने मात्र विचारलं. “सर, कमिटीको मालूम है ना?”

“मालूम है.”

कमिटी म्हणजे काय, मीच की, असं मनाची समजूत घालत वर आलो. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

बुध., ५ मार्च

गाडी लोण्यासारखी आत आली. फळ्या नाहीत, हॉर्न नाही. आठवडाभरात पहिल्यांदा आनंद झाला. मु. म्हणाली, “आज शिट्टी वाजवत आलास.”

रवि., ९ मार्च

अक्का म्हणाल्या, “मला स्वल्प फिरव रे तुझ्या कारमध्ये.” सकाळी एअरपोर्ट रोडला नेलं. बसवताना कसरत, उतरवताना दोन्ही हात धरून ओढावं लागलं. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, हे कार नव्हे, विहीर आहे. वेग वाढवला तेव्हा पदर तोंडाला लावून “हां... हां...” करत होत्या. बंगळुरात आल्यापासूनची माझी ही सगळ्यात चांगली सकाळ.

परत आल्यावर दारात जरा थांबल्या. “तो हंप गेल्यापासून गाड्या भारी जोरात येतात रे. ते डिलिव्हरीवाले तर बाणासारखे. सकाळी चालायला भीती वाटते. बघ स्वल्प.”

बघतो म्हटलं. काही बघितलं नाही.

मंगळ., १८ मार्च

ऑफिसात मु.चा फोन. अक्का सकाळी दारापुढे चालत होत्या. वळणावरून डिलिव्हरीची स्कूटर. त्याने ब्रेक मारला, पण...

खुब्याचं हाड. ॲम्ब्युलन्समध्ये मु.च बरोबर गेली.

मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, घरी सगळं ठीक ना? ठीक म्हटलं. स्क्रीनवर काय चाललं होतं, एक अक्षर कळलं नाही.

बुध., १९ मार्च

हॉस्पिटल. ऑपरेशन उद्या. मुलगा सिंगापूरहून निघालाय. अक्का गोळ्यांच्या गुंगीत. मला बघून पहिलं काय, “ऊट झालं का रे?” या बाईचं हाड मोडलंय आणि मी जेवलो का ही तिला चिंता. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लाज वाटली. नुसती लाज नव्हे, किळस आली स्वतःची.

डॉक्टर म्हणाले, चालतील, पण वॉकरने आणि सोबत कोणीतरी हवं. आता तो सकाळचा फेरा गेलाच.

ग्रुपवर आग लागलीय. डिलिव्हरीच्या स्कूटरी गेटबाहेर थांबवायच्या हा नियम (तोही माझाच, आणि रोज मोडला जाणारा). बसण्णाने एकाला आत सोडलं. गेटवर रांग होती, टँकर आत घ्यायचा होता, म्हणून. ‘अशा वॉचमनला ठेवताच कशाला?’ ‘आजच हाकला.’ चौथ्या मजल्याने लिहिलं, ‘सेक्रेटरींनी कडक निर्णय घ्यावा.’ त्या मेसेजला मी अंगठा दिला. लगेच काढला. पण दिला होता.

गुरु., २० मार्च

ऑपरेशन नीट झालं.

रविवारी मीटिंग. विषय एकच, बसण्णा. नोटीस मीच काढली.

संध्याकाळी गेटवर तो आला. चेहरा उतरलेला. “सर, आप स्वल्प बोल देना. उगादीको गाँव जाना है, घरमें सबको कपडा बोला मैं. नोकरी गया तो...” एवढंच. हंपबद्दल चकार शब्द नाही. ‘कमिटीको मालूम है’ हे माझे शब्द त्याला आठवत नसतील? आठवतात. म्हणूनच नजर खाली होती, माझी नव्हे, त्याची! मला वाचवण्यासाठी तो लाजत होता.

तो बोलला असता तर मी काय केलं असतं तेही मला माहीत आहे. असं काही झालंच नाही, म्हटलं असतं. आणि सगळ्यांनी माझंच खरं मानलं असतं.

शुक्र., २१ मार्च

मु.ला सांगायचं ठरवून चहा घेऊन बसलो. तीच म्हणाली, “हंप असता तर तो पोरगा एवढ्या जोरात आलाच नसता, नाही का?”

“हं.”

“पाणी कुठे साचत होतं रे तिथे?”

म्हटलं, गवंड्याला माहीत. तिने कप उचलला आणि आत गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर तिच्या कप ठेवण्याच्या आवाजातही काहीतरी ऐकू आलं.

ऑफिसातून गाडीवाल्याला फोन केला, परत घेता का? “देखेंगे सर, मार्केट स्लो है.” खरं तर गाडी विकली की सुटलो, असं वाटलं होतं. पण गाडी विकून बसण्णाची नोकरी वाचत नाही. उलट लोक म्हणतील, काय भला माणूस, अक्कांचं बघून मन उडालं बिचाऱ्याचं. कौतुकच होईल माझं!

शनि., २२ मार्च

अक्का आज उशाला टेकून बसल्या होत्या. मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. खोलीत आम्ही दोघंच. आता सांगू, आता सांगू, करत मी संत्रं सोलत बसलो.

“बसण्णाला काढायचं म्हणतायत म्हणे?”

“उद्या मीटिंग आहे अक्का.”

“त्याचं काय चुकलं? टँकर आत घेत होता की तो.” मग म्हणाल्या, “हंप परत घाल रे. तू सेक्रेटरी, तूच सांग मीटिंगमध्ये.”

“हो. सांगतो.”

“सरी, बरं. मग तुझी गाडी कशी येईल आत?”

संत्रं हातात तसंच. त्यांच्याकडे बघवेना.

“दुपारी मी झोपत नाही सुधीर. खिडकीत बसते. तू त्या गवंड्यापाशी उभा होतास, मोबाइल कानाला लावून. फोन कोणाचा नव्हता, तोंड हलत नव्हतं तुझं.”

मी म्हटलं, अक्का... माफ करा म्हणायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

“मुलाला नाही सांगितलं. तो पोलिसात जाणार म्हणतो, स्कूटरवाल्यावर. मी म्हटलं थांब. तू सांगशील म्हणून थांबलेय मी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मग म्हणाल्या, “फोड दे की, हातात धरून काय बसलास?”

दिली. मुलगा परत आला आणि माझे आभार मानायला लागला, आईला एवढं भेटायला येता म्हणून. मी चप्पल घालून निघालो, पार्किंगमध्ये गेलो तरी तो ‘थँक्यू अंकल’ डोक्यातून जाईना.

रवि., २३ मार्च

मीटिंग अकराला. रात्रभर वाक्यं जुळवली. ‘हंप मी काढायला लावला.’ एवढं सरळ वाक्य आहे, पण तोंडात घेतलं की त्याच्या मागेपुढे काहीतरी चिकटतं. ‘तांत्रिक कारणास्तव.’ ‘सद्हेतूने.’ ‘त्या वेळी कल्पना नव्हती.’ कल्पना नव्हती कशी? मीच तर टेबल आपटलं होतं.

सांगितलं तर सेक्रेटरीपद जाईल, ते जाऊ दे. अक्कांचा मुलगा कदाचित माझ्यावरच तक्रार करेल. करू दे. बाबांपर्यंत जाईल. ऑफिसातली दोन माणसं याच बिल्डिंगमध्ये राहतात, त्यांच्यामार्फत साहेबापर्यंत. आणि मु... हिच्यापुढे सगळ्यात जास्त लाज वाटते. ती ओरडणार नाही, हे माहीत आहे.

नाही सांगितलं तर बसण्णा जाईल. दुसरी एजन्सी दुसरा माणूस पाठवेल, आठवड्याभरात सगळे विसरतील. अक्कासुद्धा कोणाला काही बोलणार नाहीत. फक्त मला यापुढे जेवलास का म्हणून विचारणार नाहीत.

आत्ता बाल्कनीतून बघितलं. खाली खुर्च्या बसण्णाच लावतोय. ज्या मीटिंगमध्ये त्याला काढायचं, तिच्या खुर्च्या. एक एक फडक्याने पुसतोय. सेक्रेटरीची खुर्ची उन्हात येत होती, ती उचलून सावलीत ठेवली त्याने.

मु. दारात. पायात चपला आधीच घातलेल्या. “आज मी पण येऊ का?” या मीटिंगांना ती कधी येत नाही, तुमची भांडणं तुम्ही भांडा म्हणते.

ये म्हटलं. आणि चष्मा राहिला असं सांगून आत येऊन हे लिहितोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.

दोनदा हाक मारून झाली तिची.